द्राक्षमण्यावरच्या यीस्टचा जीनोम: नमुन्यापासून तुलनेपर्यंत

नाशिकच्या एखाद्या मायक्रोबायोलॉजी विभागात ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, सेंट्रिफ्यूज, जेलचा संच आणि बरा सूक्ष्मदर्शक असेल, तर जीनोमिक्समधले पहिले काम करायला तेवढे पुरते. डीएनएचा क्रम वाचणारे यंत्र, म्हणजे सिक्वेन्सर, स्वतःचे लागत नाही, ते काम पैसे देऊन करून घेता येते. पैसे देऊन मिळत नाही ती नेमकी वाढवलेली शुद्ध कल्चर, न तुटलेला डीएनए आणि आलेल्या आकड्यांवर संशय घेण्याची सवय. जीनोमची, म्हणजे जीवाच्या संपूर्ण डीएनएची, तुलना करणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य फार लवकर येते: ‘हे जनुक या जीवात नाहीच.’ ते वाक्य टिकावे म्हणून कुठे काय करायचे, ते पुढे दिले आहे. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात एवढे नीट पार पडले, तर पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत मुलाखतीला बोलायला काहीतरी ठोस असते.

जीव कोणता घ्यायचा

नाशिकमध्ये राहून केवडा किंवा भुरीचा जीनोम करावा असा मोह प्रत्येकाला होतो. पहिल्या कामाला तो आवरा. हे दोन्ही परजीवी जिवंत वेलीवरच वाढतात, पेट्रीडिशमध्ये वाढत नाहीत. त्यामुळे डीएनए काढला की त्यात द्राक्षाचा डीएनए भरपूर येतो आणि पैसे वेलीच्या सिक्वेन्सिंगवर जातात. खुद्द द्राक्षवेलीचा जीनोम २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९ गुणसूत्रे, आकार ५०० मेगाबेसच्या आसपास (एक मेगाबेस म्हणजे डीएनएची दहा लाख अक्षरे, म्हणजे बेस). ३० पट कव्हरेज, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचणे, म्हटले तरी १५ गिगाबेस डेटा झाला, आणि तो जुळवायला कॉलेजचा संगणक पुरत नाही.

यीस्टचे गणित आटोक्यातले आहे. बेकरी आणि वाइनचे यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, याचा जीनोम १९९६ मध्ये पूर्ण झाला: १२ मेगाबेस, १६ गुणसूत्रे, सुमारे ६,००० जनुके. तुलनेसाठी हा आधार आयताच मिळतो. पिकलेल्या, फुटलेल्या मण्यांवर हमखास सापडणारे हॅन्सेनियास्पोरा उव्हारम त्याहून लहान, साधारण ८ ते १० मेगाबेस. या वंशाची आणखी एक खासियत आहे: त्याने उत्क्रांतीच्या ओघात खरोखरच पुष्कळ जनुके गमावली आहेत. म्हणून सराव करायला याच्याइतका चांगला आणि चकवायला याच्याइतका वाईट जीव दुसरा नाही.

बागेतून काय आणायचे

फळासाठीची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास, काढणी जानेवारी ते मार्च. सत्राच्या वेळापत्रकाशी हे छान जुळते, पण जानेवारीत गाईडची सही, फेब्रुवारीत मीडियाची ऑर्डर असे करत बसलात तर बाग रिकामी होते. मीडिया आणि प्रतिजैविक डिसेंबरातच आणून ठेवा.

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत, ओझर, कुठल्याही भागातली बाग चालेल. बागायतदाराची परवानगी घ्या आणि पहिला प्रश्न फवारणीचा विचारा. निर्यातीची बाग असेल तर फवारणीची नोंदवही असतेच. शेवटचे बुरशीनाशक, गंधक किंवा बोर्डो मिश्रण कधी मारले ते लिहून घ्या. ताज्या फवारणीच्या घडावर यीस्ट तुरळक मिळते. धड, कोरड्या मण्यावर बहुतेक वेळा ऑरिओबॅसिडियम येते, ज्याची वसाहत आधी मलईसारखी आणि नंतर काळपट होते. हॅन्सेनियास्पोरा हवे असेल तर तडकलेले, रस सुटलेले मणे घ्या. सॅकरोमायसीस थेट मण्यावरून मिळणे दुर्मीळ आहे. ते हवे असेल तर मणे निर्जंतुक पिशवीत चेचून रस आठ-दहा दिवस आंबू द्या आणि नंतर प्लेटवर घ्या.

एका वेलीवरचे २५-३० मणे निर्जंतुक पिशवीत, बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. वायपीडी मीडिया एका लिटरला: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, अगार २० ग्रॅम. १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह, आणि हाताला सोसेल इतका थंड झाल्यावर क्लोरॅम्फेनिकॉल, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. चेचलेल्या मण्यांचा रस शंभरपट, हजारपट आणि दहा हजारपट पातळ करून ०.१ मिली पसरवा. २८ अंशांवर दुसऱ्या दिवसापासूनच वसाहती उचलायला लागा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी प्लेटभर पसरते आणि मग सगळे एकात एक मिसळते.

उचललेली वसाहत एकट्या वसाहतीतून एकटी अशी तीन वेळा रेघून घ्या. दोनदा पुरते असे वाटते, पण यीस्टच्या चिकट वसाहतीखाली दुसरे यीस्ट लपलेले असते. शिवाय इथे राहिलेली भेसळ पुढे असेंब्लीत, म्हणजे वाचलेले तुकडे जोडून बनवलेल्या जीनोममध्ये, ‘नवीन जनुके’ म्हणून मिरवते. सूक्ष्मदर्शकाखाली हॅन्सेनियास्पोराच्या पेशी लिंबाच्या आकाराच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात. प्लेटवर तांबूस-किरमिजी रंग सुटला तर मेत्श्निकोविया असण्याची शक्यता मोठी. हे नाव लक्षात ठेवा, अॅनोटेशनमध्ये, म्हणजे जीनोमवर जनुके कुठे आहेत ते ठरवताना, पुन्हा लागेल.

ओळख पक्की करायला एनएल१ आणि एनएल४ प्रायमरने २६एस आरएनए जनुकाचा डी१/डी२ भाग वाढवा. सुमारे ६०० बेसचा तुकडा असतो, सँगर पद्धतीने दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. त्यात एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर जाती बहुधा वेगळ्या असतात. ही पायरी वगळून थेट जीनोम पाठवणे म्हणजे काय पाठवले हे न बघता पैसे भरणे. २० ते २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये निदान दोन ठिकाणी साठा करा, जमल्यास उणे ८० अंशांवर. वीज गेली की जनरेटर नक्की कोणत्या फ्रीझरला जोडलेला आहे, तेही आधीच विचारून ठेवा.

डीएनए: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

यीस्टची भिंत काचेच्या मण्यांनी फोडणे सोपे, पण त्यात डीएनएचे तुकडे होतात. छोट्या रीडसाठी (रीड म्हणजे यंत्राने सलग वाचलेला एक तुकडा) ते चालून जाते. लांब रीड हवे असतील तर भिंत एन्झाइमनेच काढा.

रात्रभर वाढवलेली १० मिली कल्चर घ्या. दोन-तीन दिवसांची जुनी नको, जुन्या पेशींची भिंत एन्झाइमला दाद देत नाही. ३,००० जी वर ५ मिनिटे फिरवून पेशी खाली बसवा आणि एकदा धुऊन १ मिली द्रावणात मिसळा: १ मोलर सॉर्बिटॉल, १०० मिलिमोलर ईडीटीए, पीएच ७.५, त्यात १ मायक्रोलिटर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, हुडखाली. लिटिकेज किंवा झायमोलिएज १०० युनिट घालून ३७ अंशांवर ठेवा. किती वेळ, याचे उत्तर घड्याळाकडे नाही. दर १५ मिनिटांनी एक थेंब काचपट्टीवर घ्या, शेजारी १ टक्का एसडीएसचा थेंब लावा आणि दोन्ही मिसळताना सूक्ष्मदर्शकातून बघा. भिंत गेलेली पेशी फुटून फिकट होते, भिंत शाबूत असलेली तशीच चकाकत राहते. दहातल्या आठ-नऊ फुटल्या की पुढे जा. अर्ध्याच फुटत असतील तर एन्झाइम वाढवा. घाई करून उपयोग नाही, न फुटलेल्या पेशींचा डीएनए तसाही मिळणार नाही.

आता हळूच खाली बसवून ०.५ मिली लायसिस द्रावण घाला: ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, ५० मिलिमोलर ईडीटीए, १ टक्का एसडीएस, आणि प्रोटिनेज के मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम. ५५ अंशांवर एक तास. नळी हाताने उलटसुलट करा, व्होर्टेक्सचे नाव नको. नंतर ५ मोलर पोटॅशियम अॅसिटेट २०० मायक्रोलिटर घालून बर्फात २० मिनिटे ठेवा. पांढरा साका होतो, तो प्रथिने आणि एसडीएसचा. १२,००० जी वर १० मिनिटे फिरवून वरचे द्रावण रुंद तोंडाच्या टिपने काढा. तशी टिप नसेल तर साधी टिप निर्जंतुक कात्रीने कापून घ्या. आता आरएनेज ए, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, ३७ अंशांवर अर्धा तास. मग तितकेच क्लोरोफॉर्म–आयसोअमाइल अल्कोहोल (२४ ला १), दहा मिनिटे हलक्या हाताने, फिरवणे, वरचा थर घेणे. मधला पांढरा थर टिपमध्ये आला तर सगळे परत फिरवा. शेवटी ०.७ पट आयसोप्रोपॅनॉल. इथे कापसाच्या पेळूसारखे धागे डोळ्यांना दिसले तर डीएनए लांब आहे. नुसता ढगाळपणा असेल तर बहुधा तुटलेला किंवा आरएनए. ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, पाच मिनिटे सुकवा, खडखडीत वाळवू नका. ५० मायक्रोलिटर १० मिलिमोलर ट्रिसमध्ये रात्रभर ४ अंशांवर विरघळू द्या.

किती मिळायला हवे, याचा अंदाज आधीच करा. १२ मेगाबेसचा डीएनए एका पेशीत सुमारे ०.०१३ पिकोग्रॅम भरतो. १० मिली दाट कल्चरमध्ये १०० कोटी पेशी धरल्या तर एकपट जीनोमचे १३ मायक्रोग्रॅम, द्विगुणित (गुणसूत्रांच्या दोन-दोन प्रती) असेल तर २६. नॅनोड्रॉपने (प्रकाश किती शोषला जातो यावरून मोजणारे यंत्र) २०० मायक्रोग्रॅम दाखवले तर आनंद करू नका, तो आरएनए आहे. म्हणून प्रमाण क्युबिटवरच (डीएनएलाच चिकटणाऱ्या रंगाने मोजणारे यंत्र) मोजायचे. नॅनोड्रॉप शुद्धतेपुरता: २६०/२८० हे १.८ ते २.०, आणि २६०/२३० हे २.० च्या आसपास. दुसरा आकडा १.५ च्या खाली असेल तर शर्करा किंवा मीठ राहिले आहे आणि लांब रीड वाचणाऱ्या नॅनोपोर यंत्राची छिद्रे लवकर मरतात. पुन्हा एकदा क्लोरोफॉर्म आणि इथेनॉलची फेरी करा. ०.७ टक्के जेल कमी व्होल्टवर चालवा. पट्टा २० केबीच्या (२०,००० बेसच्या) वर घट्ट दिसला पाहिजे. खाली धूर उतरलेला असेल तर डीएनए तुटला, खाली टोकाशी धूसर डाग असेल तर आरएनए.

पुण्याला सिक्वेन्सिंगसाठी नमुना द्यायचा असेल तर एसटीने हातोहात नेणे उत्तम. कुरिअर करायचे तर सोमवारी, शुक्रवारी कधीच नाही. लांब प्रवासाला डीएनए ७० टक्के इथेनॉलखाली तसाच पाठवला तर साध्या तापमानातही तगतो. गोठवणे-वितळवणे जितके कमी तितके लांब रीड जास्त.

किती वाचायचे

नुसत्या योगायोगाच्या हिशेबाने सरासरी ५ पट कव्हरेजला हॅन्सेनियास्पोराच्या ९ मेगाबेसपैकी सुमारे ६० हजार बेस एकदाही वाचले जात नाहीत, १० पटीला सुमारे ४००. प्रत्यक्षात वाचन सारखे पसरत नाही. हॅन्सेनियास्पोराचे जीसी प्रमाण (जी आणि सी या अक्षरांचा वाटा) जेमतेम तिशीच्या घरात आहे (सेरेव्हिसीचे ३८ टक्के), आणि पीसीआर वापरून केलेल्या लायब्ररीत (वाचनासाठी तयार केलेल्या तुकड्यांच्या संचात) असे एटी-बहुल भाग मागे पडतात. सिक्वेन्सिंग करून देणाऱ्याला पीसीआर-विरहित लायब्ररी मागा. ती न मिळाल्यास कव्हरेज वाढवा, पण त्यानेही सगळी भोके भरतीलच असे नाही.

इल्युमिनाचे छोटे, १५० बेसचे, जोडीचे रीड असतील तर १०० पट म्हणजे ९०० मेगाबेस, म्हणजे ३० लाख जोड्या. नॅनोपोर ६० पट म्हणजे ५४० मेगाबेस. हे इतके कमी आहे की एका मिनआयन फ्लोसेलवर (नॅनोपोरच्या वाचनपट्टीवर) बारकोड लावून १२ यीस्ट सहज बसतात. दोन-तीन कॉलेजांनी मिळून एक फ्लोसेल घ्यावा, एकट्याने घेऊन एक नमुना चालवणे उधळपट्टी आहे. लायगेशन किटला नमुन्यामागे साधारण १ मायक्रोग्रॅम लागते. दोन्ही प्रकारचे रीड परवडत असतील तर दोन्ही घ्या. एकच परवडत असेल तर या कामासाठी लांब रीड, कारण ‘जनुक नाही’ हे सिद्ध करायला शेजारपाजार सलग दिसावा लागतो.

जुळवणी

१६ ते ३२ जीबी रॅमचा संगणक यीस्टला पुरतो. तोही नसेल तर गॅलक्सीचे मोफत सर्व्हर वापरा. छोटे रीड फास्टपीने साफ करून आधी के-मरचा (ठरावीक लांबीचे अक्षरतुकडे किती वेळा येतात याचा) आलेख काढा, जेलीफिश आणि जीनोमस्कोपने. एक शिखर म्हणजे एकसारखा जीनोम. एकाच्या दुप्पट अंतरावर दुसरे असेल तर द्विगुणित, दोन प्रतींत फरक असलेला. कुठेतरी भलतीकडे तिसरा उंचवटा दिसला तर भेसळीचा वास घ्या आणि परत प्लेटकडे जा. संगणकावर भेसळ ‘काढून टाकण्याचा’ नाद पहिल्या प्रकल्पात नको.

लांब रीडची जुळवणी फ्लायने, दुरुस्ती मेडाकाने, छोटे रीड असतील तर शेवटी पॉलीपॉलिश. नुसते छोटे असतील तर स्पेड्स. मायटोकॉन्ड्रियाचा तुकडा कव्हरेजवरून ओळखू येतो, इतरांच्या कित्येक पट असतो. उव्हारममध्ये हा डीएनए रेषीय आहे, तेव्हा वर्तुळ जुळत नाही म्हणून डोके फोडू नका.

एन५० (तुकडे किती लांब जुळले याचा आकडा) मोठा आला म्हणून असेंब्ली चांगली, असे नाही. चुकून जोडलेल्या तुकड्यांनीही तो वाढतो. रीड परत असेंब्लीवर बसवून बघा, एखाद्या जागी कव्हरेज एकदम शून्यावर येत असेल तर तो जोड खोटा. अपेक्षित जनुकांपैकी किती सापडली ते मोजणाऱ्या बुस्कोचा सॅकरोमायसेटीस संच (ओडीबी१०, २,१३७ जनुके) चालवा. सेरेव्हिसीची चांगली असेंब्ली ९८ टक्क्यांच्या वर जाते. हॅन्सेनियास्पोराची असेंब्ली उत्तम असली तरी टक्केवारी बरीच खाली येते, कारण त्यातली काही जनुके या वंशात खरोखर नाहीत आणि काही इतकी बदलली आहेत की ओळखू येत नाहीत. म्हणून तुमचा आकडा सेरेव्हिसीशी नव्हे, तर त्याच जातीच्या आधी प्रसिद्ध झालेल्या जीनोमवर तुम्ही स्वतः चालवलेल्या बुस्कोशी ताडा.

अॅनोटेशन आणि तुलना

आधी पुनरावृत्तीचे भाग झाका, मग फनअॅनोटेट किंवा ब्रेकर. इथे मेत्श्निकोवियाची आठवण ठेवा: त्या गटात सीयूजी हा कोडॉन (अमिनो आम्ल ठरवणारा तीन अक्षरी संकेत) ल्युसिन नव्हे तर सेरिन देतो. कोडॉनचा तक्ता क्रमांक १२ निवडला नाही तर शेकडो प्रथिनांत चुकीचे अमिनो आम्ल बसते आणि कोणतीही प्रणाली तुम्हाला सावध करत नाही. हॅन्सेनियास्पोराला नेहमीचा तक्ता चालतो. मायटोकॉन्ड्रियाला तक्ता ३.

तुलनेतला सगळ्यात सर्रास घोळ असा: स्वतःचा जीनोम एका पद्धतीने अॅनोटेट केलेला आणि बाकीचे डेटाबेसमधून जसेच्या तसे उचललेले. त्यातून ‘फक्त आपल्या जातीत असलेली’ दोनशे-तीनशे जनुके निघतात आणि ती बहुतेक पद्धतीच्या फरकाची असतात. तुलनेत घेतलेले सगळे जीनोम एकाच पद्धतीने, एकाच आवृत्तीने पुन्हा अॅनोटेट करा. आठ-दहा जीनोम पुरेत: उव्हारमचे दोन-तीन, हॅन्सेनियास्पोराच्याच संथ बदलणाऱ्या शाखेतले व्हिनी आणि ऑस्मोफिला, सेरेव्हिसी, क्लुव्हेरोमायसीस लॅक्टिस, आणि बाहेरचा गट म्हणून विकरहॅमोमायसीस.

ऑर्थोफाइंडरने जनुकांचे गट पाडल्यावर सेरेव्हिसीची दोन आणि तुमच्या यीस्टचे एकच असे गट खूप दिसतील. याला ‘एक प्रत गमावली’ म्हणू नका. सेरेव्हिसीच्या पूर्वजात संपूर्ण जीनोमच दुप्पट झाला होता. वुल्फ आणि शील्ड्स यांनी १९९७ मध्ये ते मांडले आणि २००४ मध्ये न दुपटलेल्या नातलगाच्या जीनोमशी ताडून ते पक्के झाले. हॅन्सेनियास्पोरा त्या घटनेच्या बाहेरचे आहे.

आता गमावलेल्या जनुकांकडे. २०१९ मध्ये या वंशाच्या २५ जीनोमवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वंशाच्या दोन शाखा दिसल्या. पेशीचक्राचे नियमन करणारे डब्ल्यूएचआय५ दोन्ही शाखांत नाही. वेगाने बदलणाऱ्या शाखेत, म्हणजे उव्हारमच्या शाखेत, विभाजनाची तपासणी करणारी एमएडी१ आणि एमएडी२, तसेच डीएनएच्या इजेची दखल घेणारी एमईसी३ आणि आरएडी९ हीही नाहीत. दुरुस्तीची एमएजी१ आणि पीएचआर१ गेली आहेत. तुमच्यासाठी ही आयती चाचणी आहे. उव्हारम म्हणून केलेल्या जीनोममध्ये एमएडी२ धडधाकट सापडले तर आनंदाने लिहायला बसू नका. ते जनुक कोणत्या तुकड्यावर आहे, त्या तुकड्याचे कव्हरेज आणि जीसी बाकीच्यांसारखे आहे का, ते बघा. बहुधा दुसरे यीस्ट सोबत आलेले असते. उलट अॅक्टिनचे एसीटी१ सापडले नाही तर असेंब्लीच फाटकी आहे.

यादीबाहेरचे एखादे जनुक ‘नाही’ वाटले तर क्रमाने असे करा. साध्या ब्लास्टवर (क्रम जुळवून सारखी जनुके शोधणाऱ्या प्रणालीवर) थांबू नका; अनेक जातींच्या प्रथिनांचा एचएमएम प्रोफाइल (कोणत्या जागी कोणते अमिनो आम्ल येते याचा सांख्यिकी साचा) करून एचएमएमईआरने शोधा, वेगाने बदललेले प्रथिन ब्लास्टच्या हातून निसटते. मग टीब्लास्टएनने प्रथिन थेट जीनोमवर लावा, कारण अॅनोटेशननेच जनुक वगळलेले असू शकते. मग कच्च्या रीडमध्ये शोधा, कारण असेंब्लीने तो भाग टाकलेला असू शकतो. शेवटी शेजार पाहा: लॅक्टिसमध्ये त्या जनुकाच्या डावी-उजवीकडे जी जनुके आहेत ती तुमच्या जीनोममध्ये एकाच तुकड्यावर, मध्ये भगदाड न पडता शेजारी आली आहेत का, आणि त्या जागेवरून सलग जाणारे लांब रीड आहेत का. आहेत, तर जनुक गेले असे लिहा. तुकडा नेमका तिथेच संपत असेल तर काहीच लिहू नका. क्रम फार विस्कटलेला असून शेजारच सापडत नसेल तर त्याच शाखेतल्या निदान तीन जीनोममध्ये ते जनुक नसणे हा दुसरा पुरावा.

वंशवृक्षाला प्रत्येक जातीत एकच प्रत असलेली जनुके घ्या, माफ्टने जुळवा, ट्रिमएएलने छाटा, आयक्यू-ट्रीने झाड काढा. अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपचे (फांदीवर किती भरवसा ठेवायचा ते मोजणारी पद्धत) १,००० फेरे ठीक, पण त्यात भरवशाची रेघ ९५ ला आहे. जुन्या बूटस्ट्रॅपचा ७० चा ठोकताळा इथे लावू नका. उव्हारमची फांदी खूप लांब येते, आणि लांब फांद्या खोट्या जवळिकीने एकमेकींकडे ओढल्या जातात. सी२० किंवा सी६० मॉडेल लावून फांदीची जागा बदलते का ते तपासा.

जमा करणे

प्रसिद्धीआधी रीड आणि असेंब्ली दोन्ही सार्वजनिक भांडारात हवी. फरिदाबादचे इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर किंवा अमेरिकेचे एनसीबीआय. २०० बेसहून छोटे तुकडे आणि उरलेले अॅडॅप्टर आधीच काढा, नाहीतर फाइल परत येते. कल्चर पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संग्रहात ठेवा आणि तो क्रमांक जीनोमच्या नोंदीत द्या. नमुना किंवा डीएनए देशाबाहेर जाणार असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाठवण्याआधी पाहा, नंतर नव्हे.

नमुन्याच्या नोंदीत ‘द्राक्ष, नाशिक’ एवढेच लिहून सोडू नका. वाण थॉमसन की शरद की वाइनचे शेनिन ब्लां, मणा धड की तडकलेला, गोळा केल्याची तारीख, शेवटच्या फवारणीला झालेले दिवस, तालुका. बागायतदाराचे नाव घालू नका, आणि अक्षांश-रेखांश दशांशाच्या दोन अंकांपर्यंतच द्या. त्याने जागा साधारण एक किलोमीटरच्या टापूत कळते आणि कोणाची बाग ते कळत नाही.